जानेवारीत सोल आणि बुसान: थंडीतलं रस्त्यावरचं खाणं, काय चुकवू नये?

रानजाई
जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई कोरियाला जातोय, सहा दिवस सोल आणि दोन दिवस बुसान. तिकडे तेव्हा पारा उणे दहापर्यंतही उतरतो असं ऐकलंय त्यामुळे कपड्यांची तयारी जोरात चालू आहे, पण माझा खरा जीव अडकलाय तो तिथल्या गाड्यांवर. त्या नारिंगी ताडपत्रीच्या टपऱ्या, वाफा निघतायत, लोक उभ्या उभ्या खातायत, हे मला प्रत्यक्ष बघायचंय आणि खायचंय. मी सगळं खाते. आई मात्र पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि तिने नुसतं माझ्या शेजारी कुडकुडत उभं राहावं असं मला अजिबात नकोय. तर खास थंडीतलंच असं काय आहे, कुठे खावं, आणि आईला त्यातलं काय काय चालेल?

हानकाठी
सोलमध्ये माझा हा चौथा हिवाळा, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

पहिलं नाव होत्तोक. मैदा आणि चिकट तांदळाचं पीठ यीस्ट घालून फुगवतात, गोळ्यात ब्राउन शुगर, दालचिनी आणि शेंगदाण्याचा कूट भरतात आणि तेलाच्या तव्यावर टाकून गोल लोखंडी दट्ट्याने दाबतात. आत साखरेचा अक्षरशः पाक होतो. कागदी कपात दुमडून हातात देतात, तेव्हा कडेने छोटासा घास घ्या आणि वाफ जाऊ द्या, मी पहिल्या वेळी मधोमध चावलो आणि दोन दिवस जिभेला चव नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चिनी व्यापारी आले त्यांच्याबरोबर हा प्रकार आला, आज तो पक्का कोरियन झालाय. नामदेमून मार्केटला, होएह्योन स्टेशनच्या बाजूला, भाज्या आणि रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया भरलेला तिखटमिठाचा होत्तोक मिळतो, वरून सोया सॉसचा हात फिरवतात. रांग मोठी असते पण पटापट सरकते.

दुसरं बुंगओप्पांग, म्हणजे माशाच्या आकाराचा पाव. घाबरू नका, मासा फक्त साच्यात. आत लाल बीन्सचं गोड सारण असतं, ज्याला इथे पात म्हणतात, पुरण आवडणाऱ्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं. हा जपानी ताइयाकीचा भाऊ, १९३० च्या दशकात इकडे आला. हल्ली कस्टर्डवालाही मिळतो, त्याला शुक्रीम म्हणतात. गाडीवाल्या आजी आकड्याने साचे एकेक करून उलटत असतात ते बघत उभं राहण्यातच अर्धी मजा आहे. उन्हाळ्यात या गाड्या जवळजवळ गायबच होतात, म्हणून लोकांचा जीव इतका त्याच्यावर. स्टेशनजवळच्या वस्तीला इथे योकसेग्वोन म्हणतात, तर त्याच चालीवर बुंगओप्पांगच्या गाडीजवळच्या वस्तीसाठी बुंगसेग्वोन असा शब्द निघालाय! आणि हिवाळ्यात कोटाच्या आतल्या खिशात ३००० वॉन रोख ठेवायचेच असं इथली पोरं म्हणतात, न जाणो कुठल्या वळणावर गाडी दिसेल. हे तुम्हीही कराच. बऱ्याच गाड्यांवर रोख नाहीतर थेट कोरियन बँक खात्यात पैसे एवढंच चालतं, आणि दुसरा पर्याय पाहुण्यांना नसतो. पूर्वी १००० वॉनला तीन-चार मिळायचे, आता १००० ला दोन किंवा २००० ला तीन असा भाव दिसतो.

बाकी भाजलेलं रताळं म्हणजे कुनगोगुमा आणि भाजलेले चेस्टनट म्हणजे कुनबाम. रताळ्याचे लोखंडी पिंपवाले रस्त्यावर आता कमीच दिसतात, पण सीयू, जीएस२५ अशा दुकानांत काउंटरजवळ भाजायचं मशीन असतं. होबाक गोगुमा मागा, मऊ आणि मधासारखं गोड लागतं. बाम गोगुमा कोरडं, पिठूळ असतं. कागदात गुंडाळलेलं गरम रताळं आईंच्या दोन्ही हातांत द्या, निम्मी थंडी तिथेच जाईल.

मिठाचा_खडा
हानकाठींनी छान लिहिलंय पण आईंच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. गाडीवर तोकबोक्की दिसली की लाल रश्शातल्या तांदळाच्या कांड्या, म्हणजे शाकाहारीच, असं वाटतं. तसं नसतं. तो रस्सा बहुतेक वेळा म्योलचीच्या, म्हणजे सुक्या छोट्या माशांच्या पाण्यात करतात आणि त्यात ओमुकचे तुकडेही असतात. ओमुक म्हणजे माशाच्या मांसाची पट्टी, काडीला नागमोडी ओवलेली. बाजूला जो वाफाळता रस्सा फुकट कपात ओतून देतात तोही मुळा, समुद्री शेवाळ आणि म्योलचीचा. किमचीतही बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असतेच. बुंगओप्पांगचं पीठ बरेच जण तयार मिक्सचं वापरतात, त्यात अंडं असू शकतं, म्हणून तिथेही विचारा. रताळं आणि चेस्टनट डोळे मिटून चालतील. साधा गोड होत्तोकही बहुतेक ठिकाणी चालावा.

ग्वांगजांग मार्केटमध्ये बिंदेत्तोक दिसेल, भिजवलेले मूग तिथेच जात्यावर दळून जाड धिरडं तळतात. बघून आईंना फार आनंद होईल, पण मिश्रणात कोणी किमची घालतं, कोणी मांस, त्यामुळे विचारल्याशिवाय नको.

रानजाई
बापरे, तोकबोक्की मी आईसाठी यादीत सगळ्यात वर लिहिली होती! बरं झालं विचारलं. मग म्योंगदोंगला जाऊ की नको? व्हिडिओत तर सगळं तिथलंच दिसतं.

खारी_हवा
म्योंगदोंगला एक संध्याकाळ फिरा, दिव्यांची रोषणाई बघा, पण पोट भरायला नको. तिथे पर्यटकांचा भाव असतो आणि गर्दीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. निवांत खायचं तर कुठल्याही वस्तीतल्या स्टेशनच्या तोंडाशी जी एकटी गाडी असते ना, तिथे जा.

मला बोलायचंय ते बुसानबद्दल. नाम्फोदोंगला बिफ चौक आहे (नाव तिथल्या चित्रपट महोत्सवावरून, मांसाशी संबंध नाही), जगालची स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथला होत्तोक वेगळाच, भरपूर तेलात तळतात, मग कात्रीने कड कापून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे चमच्याने कोंबतात. पाक आणि कुरकुरीत बिया एकत्र तोंडात येतात तेव्हा मागून समुद्राचा वारा अंगात शिरत असला तरी काही वाटत नाही. मी सलग तीन दिवस गेले. ओमुक खायचं तर बुसानलाच खा रानजाई, ते त्यांचं गावच आहे, आणि त्याच रश्शात काडीला लावलेली तांदळाची जाड कांडी उकळत असते, मुलत्तोक, ती सोलमध्ये सहसा दिसत नाही. काड्या टाकू नका, शेवटी त्या मोजूनच पैसे घेतात. आणि रस्सा दुसऱ्यांदा मागायला लाजू नका, थंडीत सगळेच मागतात.

हानकाठी
म्योंगदोंगबद्दल सहमत. एक राहिलं, होप्पांग. वाफेवरचा पांढरा गुबगुबीत पाव, सामनिप कंपनीने १९७१ मध्ये काढला आणि तेव्हापासून दुकानातल्या काचेच्या वाफेच्या पेटीत तो दिसला की हिवाळा आला असं इथे समजतात. लाल बीन्सवाला घ्या, वेष्टनावर घटक छापलेले असतात, फोनने भाषांतर करून आईंना दाखवता येईल.

विचारण्यासाठी दोनच वाक्यं पाठ करा. "म्योलची तुरोगायो?" म्हणजे यात म्योलची आहे का. "केरान तुरोगायो?" म्हणजे अंडं आहे का. गाडीवरच्या आजी हाताने खूण करून सांगतात, आणि एखादी नाही म्हणत मान हलवून शेजारच्या रताळेवाल्याकडे बोट दाखवते.

रानजाई
आईला आत्ताच दोन्ही वाक्यं वहीत देवनागरीत लिहून दिली, ती स्वयंपाक करता करता मोठ्याने म्हणतेय. बुसानचे दोन दिवस मात्र आता कमी वाटायला लागलेत, तिकिटं बदलता येतात का ते बघते आणि सांगते.