लूपमध्ये प्रत्येक वेळी पहिल्याच पुस्तकाची किंमत का येतेय?

प्रश्न: पायथनमध्ये एलएक्सएमएल (एक्सएमएल फाइल वाचायची लायब्ररी) वापरतोय, फाइलमध्ये ४० <पुस्तक> आहेत, लूपमध्ये प्रत्येकावर एक्सपाथ (एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा) '//किंमत' लावून पहिलं उत्तर घेतो तर ४० वेळा पहिल्याचीच किंमत छापली जातेय. नोड (लूपमधला त्या वेळचा पुस्तकाचा टॅग) प्रिंट करून बघितला, तो बरोबर आहे. दोन तास डोकं फोडतोय.

उत्तर १: सुरुवातीचा स्लॅश बघ. स्लॅशने सुरू झालं की शोध डॉक्युमेंटच्या मुळापासूनच होतो, मग कॉल कुठल्याही नोडवर कर. पुढे टिंब दे, './/किंमत'.

उत्तर २: किंमत थेट पुस्तकाच्या खालीच असेल तर नुसतं 'किंमत' लिही. './/' खोल जातं, आत <जुनीआवृत्ती> असली तर तिचीही उचलेल, मला हे महागात पडलंय.

प्रश्नकर्ता: टिंब टाकलं, चाळीसच्या चाळीस बरोबर आल्या! खूप आभार दोघांचे.