संकष्टी, आप्पा आणि 'शुगरचीच गोळी'

[७:०४] सुनीता ए-४०२: सगळ्यांचे फोन येतायत म्हणून इथेच लिहिते. आप्पा बरे आहेत. रात्रभर हॉस्पिटलात ठेवलंय, आज संध्याकाळी सोडतील बहुतेक. काल जे धावून आले त्यांचे खरंच उपकार. पण एक विचारायचंय, राग मानू नका. आप्पांना गोळ्यांचे सल्ले कोण देतं? मी घरात नसताना?

[७:०६] नेने काकू बी-१०३: 🙏🙏 बाप्पाची कृपा. संकष्टीच्या दिवशी त्यानेच तारलं

[७:०७] रोहन बी-५०२: काकू, संकष्टीमुळेच झालं ना पण

[७:०८] नेने काकू बी-१०३: चाळीस वर्षं करतायत आप्पा उपास. उपासाने कुणी पडत नसतं. तुम्ही मुलं दुपारपर्यंत उपाशी राहता त्याला डाएट म्हणायचं आणि आम्ही राहिलो की अडाणी

[७:१५] देशपांडे ए-१०१: २०१९ च्या वार्षिक सभेत प्रथमोपचार पेटीचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. पेटी कुठे आहे?

[७:१६] पाटील सेक्रेटरी: देशपांडे साहेब, पेटी सोसायटी ऑफिसात आहे. ऑफिसची वेळ आपणास ठाऊक आहेच.

[७:१६] देशपांडे ए-१०१: काल रात्री ८:३५ ला ऑफिसला कुलूप होतं.

[७:१७] पाटील सेक्रेटरी: रविवार होता.

[७:२१] साळवी काका बी-३०४: सुनीता, काल मी मशीन घेऊन खाली आलो तेव्हा शुगर ४८ होती. शर्ट घामाने ओला, हात थरथरत होते, आणि मला विचारतायत "आपण कोण?" अठरा वर्षं कॅरम खेळतोय आम्ही एकत्र.

[७:२२] रोहन बी-५०२: तुम्ही राणी ढापता म्हणून ओळख दाखवली नसेल 😄

[७:२२] साळवी काका बी-३०४: गप रे.

[७:३०] सुनीता ए-४०२: रात्री नीट भानावर आल्यावर जे सांगितलं ते असं. सकाळी गोळी आणि चहा. अकराला थोडी साबुदाण्याची खिचडी. दुपारी काही नाही. साडेसहाला रात्रीची गोळी, कारण "जेवणाआधी घ्यायची असते". मग देवळात चालत जाऊन आले. जेवण चंद्रोदयानंतर म्हणजे साडेनऊच्या पुढे. साडेआठला जिन्यात बसलेले वॉचमनला दिसले.

[७:३३] साळवी काका बी-३०४: हेच ते. 'जेवणाआधी' म्हणजे ताट वाढलेलं असताना. साडेसहाची वेळ डॉक्टरांनी नव्हती दिली, ती आप्पांच्या रोजच्या सातच्या जेवणावरून पडलेली. जेवण अडीच-तीन तास पुढे ढकललं आणि गोळी तिथेच राहिली.

[७:३५] नेने काकू बी-१०३: ⏩ पुढे पाठवलेला संदेश: सकाळी अनशापोटी कारलं, मेथी आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण. ४० दिवसांत शुगरची गोळी कायमची सुटते. डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. किमान १० जणांना पाठवा.

[७:३६] सुनीता ए-४०२: काकू, आत्ता नको प्लीज.

[७:३८] पाटील सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे.

[७:३९] देशपांडे ए-१०१: प्रथमोपचार पेटी सोसायटीचंच काम आहे. २०१९ चा ठराव.

[७:४१] कदम सी-१०२: आणि काल गाडी काढायला दहा मिनिटं का लागली तेही सोसायटीचंच काम. गेटसमोर ती पांढरी गाडी परत लावलेली होती. नाव घेत नाही.

[७:४२] शेट्टी सी-२०१: नाव घ्या ना. मी पाच मिनिटांसाठी लावली होती.

[७:४२] कदम सी-१०२: तुमची पाच मिनिटं गेल्या दिवाळीपासून चालू आहेत.

[८:१२] मेघा सी-३०३: नाइट ड्युटीवरून आत्ता आले, सगळं वाचलं. आधी आप्पांचं. सुनीता, रात्रभर ठेवलं हे फार बरं केलं. काल दोन-तीन जण म्हणत होते की शुगर वर आली, आता घरी न्या. शुगरच्या गोळीतल्या ग्लिमेपिराइडचा असर तासन् तास राहतो. एकदा वर आलेली शुगर मध्यरात्री झोपेत परत खाली जाऊ शकते. वय झालेलं आणि किडनी थोडी मंद असेल तर जास्तच. क्रिएटिनिन बघितलं का त्यांनी?

[८:१४] सुनीता ए-४०२: हो, थोडं वाढलंय म्हणाले. पण मला एक कळत नाही. वॉचमनने साखर घालून चहा दिला, नेने काकूंनी साखरेचं पाणी पाजलं, तरी पंधरा मिनिटांनी ५१ च. का?

[८:१६] मेघा सी-३०३: तेच मला काल खटकलं. मी घरून ग्लुकोजची पावडर आणली तेव्हा कुठे ८९ झाली. आप्पांच्या गोळीचं पाकीट आहे का जवळ? फोटो टाक. पाकिटावरची अक्षरं नीट दिसू देत.

[८:२३] सुनीता ए-४०२: 📷 फोटो

[८:२५] मेघा सी-३०३: ही 'एम-१' आहे. म्हणजे ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५००. यात साखर अडवणारं काही नाही. आणि पाकीट तर पूर्ण रिकामं दिसतंय. मग काल त्यांनी घेतली कुठली?

[८:२६] रोहन बी-५०२: सस्पेन्स

[८:२६] रोहनची आई: रोहन, ऑफिसला जा.

[८:४०] देशपांडे ए-१०१: पेटीबाबत अद्याप उत्तर नाही.

[८:४४] साळवी काका बी-३०४: मेघा, साखर अडवणारं म्हणजे?

[८:४९] मेघा सी-३०३: वोग्लिबोज. काही गोळ्यांत तिसरं औषध म्हणून असतं. पाकिटावर बहुतेक 'व्ही' अक्षर असतं. आपली साधी साखर ही दोन साखरांची जोडी. आतड्यात ती तुटली तरच रक्तात जाते, आणि ते तोडायचं काम वोग्लिबोज अडवतं. जेवणानंतरची शुगर उडू नये म्हणून ते देतात, औषध चांगलंच आहे. पण शुगर खाली गेली की त्या माणसाला चहा, पेढा, साखरपाणी लवकर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोजच हवं, ते तोडावं लागत नाही. साखर आणि ग्लुकोज एकच वाटतात म्हणून घोळ होतो.

[८:५२] साळवी काका बी-३०४: म्हणजे काल आप्पांच्या पोटात व्हीवाली गोळी गेली होती?

[८:५३] मेघा सी-३०३: मला तसं वाटतंय.

[८:५४] शेट्टी सी-२०१: कदम साहेब, तुमची स्कूटर गेले सहा महिने व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे. टायरमधली हवा पण गेली. त्याचा पण फोटो टाकू का?

[९:३१] नेने काकू बी-१०३: मी दिली.

[९:३२] नेने काकू बी-१०३: शनिवारी रात्री आप्पा माझ्या दारात आले. गोळ्या संपल्या, कोपऱ्यावरचं दुकान बंद. मी म्हटलं माझीही शुगरचीच आहे, घ्या. दोन काढून दिल्या, रविवारच्या सकाळ-संध्याकाळसाठी. माझ्या पाकिटावर 'एमव्ही-२' लिहिलंय. मला काय माहीत व्ही म्हणजे काय. मला आठ वर्षांत कधी काही झालं नाही.

[९:३५] सुनीता ए-४०२: काकू!! दुसऱ्याची गोळी कशी दिलीत तुम्ही? एक फोन करायचा होता मला.

[९:३८] नेने काकू बी-१०३: फोन केला होता. दोनदा. लोणावळ्याला रेंज नसते असं ऐकलंय. म्हातारा माणूस रात्री दारात उभा राहतो, गोळ्या संपल्यात हे घरातल्यांना माहीत नाही. बाकी माझंच चुकलं.

[९:३९] पाटील सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी.

[९:५८] मेघा सी-३०३: दोघी थांबा जरा. काकू, तुमच्या गोळीतला २ म्हणजे ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. आप्पांच्या दुप्पट. तुम्ही तिन्ही वेळ जेवता, तुमच्या शरीराला ती बसलीय. त्यांनी दुप्पट घेतली आणि दिवसभरात वाटीभर खिचडी खाल्ली. म्हणजे गोळी दुसरी, ताकद दुसरी आणि वर उपास. एखादा दिवस गोळी चुकली असती तर शुगर थोडी वाढली असती, इतकंच. खाली जाण्याइतकं ते घातक नव्हतं.

[१०:०१] साळवी काका बी-३०४: काकू, मनाला लावून घेऊ नका. मीही २०१४ साली मेव्हण्याची गोळी खाऊन बसलो होतो, बायकोला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

[१०:०२] साळवी काकू: आता कळलं.

[१०:०६] साळवी काका बी-३०४: विषय निघालाय तर सांगतो. मला दोनदा असंच झालं तेव्हा डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड काढून सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन दिलं. या जोडीने शुगर सहसा इतकी खाली जात नाही. आधी महाग होती, २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर स्वस्तात मिळायला लागली. आप्पांच्या डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही. आणि संकष्टी, एकादशी, नवरात्र, ज्याला जो उपास असेल तो आधी सांगायचा. माझे डॉक्टर वर्षाच्या सुरुवातीलाच विचारतात, "पंचांग आणलंय का?"

[१०:०९] रोहनची आई: आमच्या आजीला मोठी गोळी गिळवत नाही, मी कुटून केळ्यात घालते. चालतं ना?

[१०:१२] मेघा सी-३०३: नावापुढे एसआर किंवा एक्सआर असेल तर अजिबात नको! ती हळूहळू सुटावी अशी बनवलेली असते, कुटली की सगळं एकदम पोटात. डॉक्टरांना सांगा, साधी मेटफॉर्मिन लहान गोळीत मिळते. जेवणाबरोबर दिली की पोटही कमी बिघडतं.

[१०:१३] रोहनची आई: अगं बाई. तरीच तिला दुपारी ढवळतं.

[१०:१५] साळवी काका बी-३०४: आणि बी-१२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी शुगरला शिव्या देत बसलो. निघालं बी-१२.

[१०:२०] कुणीतरी सी-४०१: मेघाताई, मला लघवीतून साखर काढणारी गोळी आहे, डापा. एक प्रश्न आहे. पर्सनलवर विचारते.

[१०:२१] मेघा सी-३०३: विचारा. पण एक इथेच सांगते, सगळ्यांच्या कामाचं. उलट्या-जुलाब चालू असतील, पाणी पोटात राहत नसेल, तर ही आणि मेटफॉर्मिन, दोन्हींबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. बहुतेक वेळा थांबवायला सांगतात. निर्जळी करणार असाल तर आदल्या दिवशीच विचारायचं. ऑपरेशन ठरलं असेल तर ती काही दिवस आधी बंद करतात, तेही आपलं आपण ठरवायचं नाही.

[१०:२४] कदम सी-१०२: काल तोंडात साखरपाणी ओतलं ते बरोबर केलं का?

[१०:२६] मेघा सी-३०३: आप्पा जागे होते, गिळत होते, म्हणून ठीक. गुंगीत असते तर ते श्वासनलिकेत गेलं असतं. माणूस हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. जागा असेल तर तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या खाली असेल तर परत. वर आली की पोटात काहीतरी नीट जाऊ द्यायचं. चंद्र उगवो न उगवो.

[१०:२७] नेने काकू बी-१०३: हे शेवटचं बोलायची गरज नव्हती.

[१०:२८] मेघा सी-३०३: सॉरी काकू.

[११:०५] देशपांडे ए-१०१: तर मग ग्लुकोज आणि शुगरचं मशीन पेटीत असायला हवं. मूळ मुद्दा: २०१९ च्या सभेत मंजूर झालेली पेटी कुठे आहे?

[११:४०] पाटील सेक्रेटरी: 📷 फोटो. पेटी. समाधान झालं असावं.

[११:४२] रोहन बी-५०२: झूम केलं. गंजलेली कात्री, २०२१ ला मुदत संपलेलं अँटिसेप्टिक, आणि गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं 🤣

[११:४३] शेट्टी सी-२०१: पावतीपुस्तकं पेटीत?? मागच्या वर्षी हिशेबाच्या वेळी हरवली म्हणाले होते.

[११:४४] पाटील सेक्रेटरी: तो विषय वेगळा आहे. ग्लुकोज व मशीनच्या खर्चाला कमिटीची मंजुरी लागेल. पुढच्या बैठकीत घेऊ.

[११:४५] देशपांडे ए-१०१: पुढची बैठक कधी?

[१२:३०] आप्पा ए-४०२: मी आप्पा. नर्सबाईंनी चष्मा दिला. सगळं वाचलं. गोळी मी मागितली, मालतीबाईंनी नको नको म्हणत दिली. सुनीताला गोळ्या संपल्याचं मी सांगितलं नव्हतं, तिचं लोणावळं रद्द झालं असतं. उगाच कुणाला बोलू नये. इथे डॉक्टरांनी पुढल्या संकष्टीला दोन वेळा फलाहार आणि संध्याकाळची गोळी चंद्रोदयानंतरच्या जेवणाबरोबर, असं लिहून दिलंय. डोसही बदलला. साळवी, राणी तूच ढापतोस हे मला ४८ ला सुद्धा आठवत होतं.

[१२:३१] साळवी काका बी-३०४: 😂😂 या घरी लवकर.

[१२:५२] सुनीता ए-४०२: काकू, तुमचे दोन मिस्ड कॉल दिसले. रात्री सव्वादहाचे. मी बघितले होते. म्हटलं सकाळी करू.

[१:१०] नेने काकू बी-१०३: असू दे गं. मी आत्ता मेडिकलमधून ग्लुकोजचे दोन डबे आणलेत, एक वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवते, एक पेटीत. बिल नको मला. मंजुरीही नको.

[१:११] सुनीता ए-४०२: संध्याकाळी आप्पा येतील तेव्हा वर याल का? तुमची फाइल पण आणा, मेघाला दाखवू.

[१:१३] नेने काकू बी-१०३: येते. चूर्णाची बाटली आणू की नको?

[१:१३] मेघा सी-३०३: बाटली आणा. लेबल वाचू आपण.

[१:२०] देशपांडे ए-१०१: डब्यांवरची मुदतीची तारीख कृपया ग्रुपवर टाकावी.