मदत हवी आहे: आईच्या मणक्याचं ऑपरेशन, स्क्रू टाकायचे की नुसती नस मोकळी करायची?

नमस्कार मंडळी, आईचं वय ६६, शुगर आहे. दीड वर्ष कंबर दुखतेय, आता दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात आणि ती दिसेल त्या ओट्यावर बसते, जरा पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. मंडईत जाताना माझी जुनी सायकल घेऊन जाते, चालवायला नाही, हँडलवर भार टाकून चालता येतं म्हणून. बघून जीव तुटतो.

एमआरआयमध्ये एल४-एल५ ला (कंबरेचे सगळ्यात खालचे दोन मणके) नसांची जागा अरुंद झालीये आणि मणका थोडा सरकलाय. एक सर्जन म्हणतात स्क्रू-रॉड टाकून मणके जोडायचे, दुसरे म्हणतात वाकून काढलेल्या एक्सरेत मणका हलत नाहीये मग नुसती नस मोकळी करा, छोटं ऑपरेशन, रक्त कमी जातं. पण पुढे मणका अजून सरकला तर परत ऑपरेशन, आणि जोडला तर वरच्या-खालच्या मणक्यावर ताण येतो म्हणतात, मग करायचं काय? एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ आहे, इन्फेक्शनची भीती वाटते ती वेगळीच.

फिजिओ तीन महिने झालं. मणक्यातल्या इंजेक्शनने पाच आठवडे छान गेले, मग जैसे थे. पायातली ताकद शाबूत आहे, लघवीचा त्रास नाही, म्हणून घाई नाही असं दोघंही म्हणाले.

कुणाच्या घरी या वयात असं ऑपरेशन झालंय का? वर्षभराने चालणं कसं आहे? आणि न करता कुणी निभावलं असेल तर तेही प्लीज सांगा.