मदत हवी आहे: चिकट भाताची टोपली कोणती घेऊ? शुक्रवारी निघतेय

मृणाल_खोनकेन (मंगळवार, दुपार)
मंडळी, पटकन सांगा. शुक्रवारी निघायचंय आणि बाजारात जायला फक्त उद्याची सकाळ आहे. इथे थायलंडात खाव निआव (चिकट भात) शिजवायची बांबूची निमुळती टोपली (हुआत) आणि वाढायची झाकणाची टोपली (क्रातिप) दोन्ही घरी न्यायच्यात. एकाच दुकानात पंचवीस-तीस प्रकार टांगलेत. लहान, मोठ्या, रंगवलेल्या, पट्ट्याच्या, बिनपट्ट्याच्या. दुकानातली आजी सगळ्याच चांगल्या म्हणते. माझ्याकडे आहे ती एकदम बेकार निघाली, भात तळाशी ओला गच्च आणि वरून वाळून कडक. तसली परत नकोय. कोणती घेऊ? हुआतखालचं वाफेचं भांडंही घेऊ का? इंटरनेटवर शोधून झालंय, तसं सांगू नका.

अनघा_के
खोन केन म्हणजे थायलंडचा ईशान्य भाग, ईसान, बरोबर ना? परत कुठे जाणार? घरी माणसं किती? शेगडी गॅसची की इंडक्शन? आणि बेकार निघाली ती टोपली शिजवायची की वाढायची? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार!

तांदूळवाला_भोर
ताई, एवढं ओझं कशाला वाहताय? आपली इंद्रायणी घ्या. 1987 साली वडगाव मावळच्या केंद्रातून आलेलं वाण, आंबेमोहोराची लेक. कुकरला दोन शिट्ट्या, भात असा चिकट होतो की मूद पाडली तर हलत नाही. टोपली नको, भांडं नको. मी तीन एकर लावतो, अनुभवाने सांगतोय.

सुप्रिया_एस
@तांदूळवाला, इंद्रायणी माझ्याही घरी रोज असते, पण हा तांदूळ वेगळा. तांदळातल्या स्टार्चचे दोन भाग, अमायलोज आणि चिकटपणा आणणारं अमायलोपेक्टिन. इंद्रायणीत अमायलोज कमी असतं, या तांदळात ते जवळजवळ नसतंच, सगळा स्टार्च अमायलोपेक्टिनचा. दाणा बघूनच ओळखता येतो, आपला तांदूळ काचेसारखा अर्धपारदर्शक, हा दुधासारखा पांढरा. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दोन्ही भातांवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवते. साधा भात निळा-काळा पडतो, हा तांबूस. म्हणून तो पाण्यात न शिजवता भिजवून नुसता वाफवतात. कुकरात पाणी घालून शिजवलात तर खळ होईल.

तांदूळवाला_भोर
शाळेतलं शाळेत ठीक आहे. आमच्याकडे पाहुणे आले की इंद्रायणीच करतात, आजवर कुणी परत पाठवली नाही.

अनघा_के
अहो काका, इंद्रायणी वाईट आहे असं कुणी म्हटलंय? तिचा प्रश्न टोपलीचा आहे.

गौरी_डोंबिवली
मध्येच विचारते, यात ग्लुटेन असतं का? नावात ग्लुटिनस आहे म्हणून. माझ्या भाच्याला ग्लुटेन चालत नाही, त्याला सीलिअ‍ॅक आहे.

सुप्रिया_एस
नाही. ते नाव फक्त चिकटपणावरून पडलंय. गव्हातलं ग्लुटेन कुठल्याच तांदळात नसतं. पाकिटावर दुसऱ्या धान्याच्या भेसळीबद्दल काही लिहिलंय का तेवढं बघून घ्या.

मृणाल_खोनकेन
नाशिकला जातेय. माणसं नऊ, दिरांचं कुटुंबही आमच्याच घरी असतं. स्वयंपाकघरात इंडक्शन, मागच्या गॅलरीत गॅसची शेगडी. बेकार निघाली ती वाढायची टोपली. दोन वर्षं इथे आहे, पण भात कोपऱ्यावरच्या गाडीवरून पिशवीतच आणायचो, घरी आत्ताआत्ता तीनदा केला. तिन्ही वेळा तेच. आता तरी सांगा कोणती घेऊ.

ईशान्यवारी
आसामात जोरहाटला चार वर्षं होतो, म्हणून लिहितो. तिथला बोरा साउल याच जातीचा, चिकट. माघ बिहूला हिरव्या बांबूच्या नळीत भिजवलेला बोरा भरतात, तोंडाला पानाचा बोळा लावतात आणि नळी विस्तवावर तिरकी ठेवून फिरवत राहतात. बाहेरून बांबू करपला की सोलायचा, आत पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली भाताची कांडी निघते. त्याला सुंगा साउल म्हणतात. वर दही आणि गूळ. अरुणाचलात खामती लोकांकडे वाफवलेला चिकट भात पानात बांधून देतात. हाताला येणारा तो गरम पुडका अजून आठवतो.

मृणाल_खोनकेन
दादा, वाचायला फार छान आहे पण माझ्या टोपलीचं काय!!

ईशान्यवारी
हो, राहिलंच. एक कामाचं, थायलंडहून तांदूळ आणू नका. कच्च्या धान्याला क्वारंटाईनचे कागद लागतात, विमानतळावर अडवतील. बोरा साउल आसामातून मागवता येतो. तोच वापरा.

नंदूकाका_पेण
मृणाल, भांडं अजिबात घेऊ नकोस. ते ॲल्युमिनियमचं असतं, आकार पिकदाणीसारखा, खाली फुगीर, कंबर बारीक, तोंड पसरट. आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या आहेच की, कळशी! स्टीलच्या कळशीत पाणी उकळत ठेवायचं, तोंडावर टोपली बसवायची. मी स्वतः केलंय, उत्तम वाफ येते.

वियांचान_डायरी
नंदूकाका, माफ करा, पण कळशीचं कुणाला सुचवू नका. तिचा गळा अरुंद. टोपली वरच्यावर अडकते, भात भरला की सगळं वजन वर येतं. खाली बूड गोल. शेगडीवर एक धक्का लागला की उकळतं पाणी अंगावर. नऊ माणसांचं घर म्हणजे लहान मुलंही असणार.

नंदूकाका_पेण
माझी कधी कलंडली नाही. जाळीची शेगडी असली तर बूड नीट बसतं.

अनघा_के
काका, तुम्ही किती भात केला होता?

नंदूकाका_पेण
दोन वाट्या.

वियांचान_डायरी
नऊ माणसांना कोरडा तांदूळ दीड किलोच्या आसपास लागेल, भिजल्यावर दोन किलोंच्या वर जातो. तिथे कळशीचं काम नाही.

मृणालताई, मी लाओसमध्ये वियांचानला सहा वर्षं आहे. नदीपलीकडे तुमचा ईसान, भाषा आणि जेवण जवळजवळ तेच. क्रातिपला इथे तिप खाव म्हणतात. टोपलीचं सांगतो, पण आधी एक विचारतो. शिजलेला भात हुआतमधून काढल्यावर तुम्ही काय करता?

मृणाल_खोनकेन
काय करणार? टोपलीत भरते आणि झाकण लावते. गरम राहावा म्हणूनच तर टोपली आहे ना.

वियांचान_डायरी
मग टोपलीला दोष देऊ नका, तिच्यावर अन्याय होतोय.

आमच्या शेजारच्या काकू रोज पहाटे भात लावतात, साडेपाचला भिक्खू दारावरून जातात तेव्हा त्यांना वाढायला. मी पहिलं वर्षभर नुसतं बघत होतो. वाफ पुरेशी बसली की त्या हुआत दोन्ही हातांनी धरून असा झटका देतात की भाताचा सगळा गोळा उलटा होऊन परत टोपलीत बसतो, वरचा भाग खाली. मग आणखी पाच-सात मिनिटं. त्यानंतर तो गोळा लाकडी परातीवर उपडा करतात. आपली भाकरीची काठवट असते ना, तशीच. ओल्या लाकडी उलथण्याने भात पसरवतात, दुमडतात, पुन्हा पसरवतात. वाफेचा पहिला लोट निघून जाईपर्यंत, दोनेक मिनिटं. हात लावला तर चटका बसत नाही पण ऊब जाणवते, असं झालं की हलक्या हाताने गोळा करून टोपलीत.

तुम्ही ती वाफ आत कोंडता. तिचं पाणी होऊन तळाला उतरतं. मग ओलं झालंय म्हणून तुम्ही झाकण उघडं ठेवत असणार, त्यामुळे वरचा भात कडक. बरोबर?

मृणाल_खोनकेन
झाकण उघडं ठेवते हे खरं आहे. पण काठवट वगैरे मला कुणी सांगितलंच नाही. आता दुपारीच तांदूळ भिजवलाय, रात्री करून बघते.

गौरी_डोंबिवली
आंब्याबरोबरचा गोड भात याच टोपलीत ठेवतात का? नारळाचं दूध किती घालायचं?

अनघा_के
गौरी, नारळाचं दूध टोपलीत गेलं तर टोपली वाया जाईल. वाफवलेला भात पातेल्यात काढून गरम असतानाच गोड केलेलं घट्ट दूध मुरवायचं. पण त्याचा वेगळा धागा काढ ना.

वियांचान_डायरी
टोपल्या निवडायचं आता सांगतो, ताईंना सकाळी जायचंय.

हुआत: टोक घट्ट विणलेलं हवं. दिव्याकडे धरून बघा. भोकं तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक पाहिजेत आणि सगळीकडे सारखी. काठ दुहेरी वळलेला घ्या. नवी आणली की रात्रभर पाण्यात बुडवा आणि एकदा भाताशिवाय नुसत्या वाफेवर ठेवा, बांबूचा कच्चा वास जातो. दर वेळी ओली करूनच भात घाला, नाहीतर दाणे विणीत रुतून बसतात.

क्रातिप: रंगवलेली, चकाकणारी घेऊ नका, ती भिंतीवर लावायची. वार्निशमुळे बांबू ओल शोषत नाही आणि मग पुन्हा तळाशी पाणी. साधी घ्या, आत एक आणि बाहेर एक अशा दोन पदरांची. बोटाने दाबल्यावर दोन्ही पदरांमध्ये थोडी हवा जाणवते, ऊब तीच धरून ठेवते. बुडाची कडी दोऱ्याने शिवलेली आहे का बघा, डिंकाने चिकटवलेली नको. पट्टा हवाच, खुंटीला टांगता येते.

नऊ माणसांना एक मोठी घेऊ नका. मोठी सारखी उघडली की भात वाळतो. मध्यम तीन घ्या, तिघांत एक. आणि जेवण झालं की झाकण लावायचंच. इथे उघडी टोपली सोडून उठणं अशुभ मानतात. भाताच्या दृष्टीनेही तेच बरोबर.

काठवट_आणि_जातं
उत्तरेकडच्यांचं कुणी सांगितलंच नाही. चियांग माईकडे शिजवायला लाकडाचं पिंप वापरतात, वर-खाली उघडं, तळाशी जाळी. वाढायच्या टोपलीला तिथे काँग खाव म्हणतात. मला लाकडी पिंप जास्त आवडतं, भात सगळीकडे सारखा वाफतो.

वियांचान_डायरी
चांगलं असतं, पण जड. विमानात कसं नेणार? आणि त्या ईसानमध्ये आहेत, तिथे रोज वापरात हुआतच.

सुप्रिया_एस
मोदकपात्रावरही होतो. चाळणीवर ओलं मलमल, भाताचा थर दोन बोटांहून जाड नको. वर्षभर मी तसाच केलाय. नऊ जणांना मात्र तीन घाणे काढावे लागतील.

मृणाल_खोनकेन (बुधवार, पहाट)
रात्री साडेनऊला केला. काठवट नाही म्हणून पोळपाटावर पसरला. पहिल्यांदा उलटताना अर्धा गोळा ओट्यावर पडला, दुसऱ्यांदा जमलं. त्याच जुन्या टोपलीत भरला आणि झाकण लावलं. आत्ता पाच वाजता उघडून बघितलं. तळ कोरडा. भात गार आहे पण मऊ, बोटांनी तोडला तर गोळी होते आणि हाताला चिकटत नाही. मी त्या टोपलीला काय काय बोलले होते.

आता भांड्याचं सांगा, सात वाजता निघतेय.

वियांचान_डायरी
गॅलरीत गॅस आहे तर भांडं घ्याच. इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापणार नाही, ते गॅसवरच. दुकानात हुआत भांड्यावर बसवून बघा. टोक आतल्या पाण्याला लागता कामा नये, खाली चार बोटं पाणी ठेवून वर मोकळी जागा राहिली पाहिजे. बॅगेत भांड्याच्या पोटात कपडे भरा, जागा वाया जात नाही.

नंदूकाका_पेण
जोडी जुळवून घे हे मलाही पटतं. माझी टोपली कळशीवर डुगडुगायची, खोटं कशाला बोलू.

मृणाल_खोनकेन (बुधवार, दुपार)
घेतलं. एक मोठी हुआत, तिच्या मापाचं भांडं, दोन साध्या क्रातिप. तिसरी माझी जुनी. आजीने हुआत उजेडात धरून दाखवली आणि दोन बाजूला काढल्या, टोकाची वीण सैल होती. मी विचारलं म्हणूनच दाखवलं. लाकडी परात नाही घेतली, सासूबाईंची काठवट माळ्यावर आहे.

अनघा_के
पावसाळ्यात बुरशी सांभाळ. साबण नको, नुसतं पाणी आणि काथ्याचा ब्रश, मग कडकडीत उन्हात. ऊन नसेल तर गॅस बंद केल्यावर ओट्याशेजारी उबेला. ओली टोपली कपाटात ठेवलीस तर चार दिवसांत काळे ठिपके येतील, माझी तशीच गेली.

मृणाल_खोनकेन (पुढच्या आठवड्यात)
पोचले. टोपल्या कुणी अडवल्या नाहीत. बोरा साउल यायला दहा दिवस लागणार होते, म्हणून मुंबईहून भाचा थाई तांदळाची दोन पाकिटं घेऊन आला. सासूबाईंनी काठवट धुवून दिली आणि भात त्यांनीच पसरला, उलथणं माझ्या हातातून घेऊन. ठेच्याबरोबर खाल्ला सगळ्यांनी. दिरांचा धाकटा टोपली मांडीवरून सोडेना.

एक नवीन अडचण. हुआत वर्ष-दीड वर्षाने झिजणार, म्हणून ती बुरूड आळीतल्या मामांना नमुना म्हणून दाखवली. विणून देतो म्हणाले. पण कामट्या ओल्या बांबूच्या काढायच्या की वाळवलेल्या, असं विचारतायत. सुपाला ते ओला बांबू घेतात, पण ही रोज वाफेत जाणार म्हणून त्यांना खात्री वाटत नाहीये. कुणाला माहीत आहे?

वियांचान_डायरी
शेजारच्या काकूंचे भाऊ विणतात. उद्या पहाटे भेटतील, विचारून इथेच लिहितो. मामांना तोवर बांबू तोडू नका म्हणावं.