डीआरपीचे तीन महिने: थिसिसचं काय करू?

जेआर२_मेडिसिन: एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यापासून जिल्हा रुग्णालयात डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, लागलीय. थिसिसच्या अभ्यासासाठी लागणारे पेशंट निम्मेच झालेत. गाईड म्हणतात, येऊन-जाऊन कर. अंतर ११० किलोमीटर! आधीच्या बॅचच्या दोघांना तिथे नुसती सर्टिफिकेटं भरायला बसवलं होतं. तीन महिने वाया जाऊ नयेत म्हणून काय करू?

विदर्भकर: चुकवता येणार नाही. २०२३च्या पीजी नियमावलीत तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला तीन महिने सक्तीचे आहेत. नीट पूर्ण केल्याशिवाय फायनलला बसता येत नाही. स्टायपेंड चालू राहतो.

भातखाचर: मी जुलै २०२३मध्ये केली. पहिला आठवडा चिडचिडीत गेला. मग एका संध्याकाळी घोणस चावलेली बाई आली. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. कॉलेजात मी पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी लॅबला पाठवून मोकळा झालो असतो. इथे त्या वेळी लॅब बंद. सिस्टरांनी कोरडी काचेची नळी हातात दिली, ‘सर, दोन एमएल घ्या, वीस मिनिटं हात लावू नका.’ वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, म्हणजे विषामुळे ते गोठतच नव्हतं. दहा व्हायल एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लावलं, उशाशी बसून राहिलो. सहा तासांनी पुन्हा नळी भरली. या खेपेला गुठळी धरली होती. ही टेस्ट मी व्हायव्हासाठी घोकली होती, करून कधीच पाहिली नव्हती.

पण तिथे फिजिशियनची जागा रिकामी होती, विचारायला कुणी नाही. नवा डॉक्टर असा एकटा सोडणं बरोबर नाही. कॉलेजने निदान आठवड्यातून एकदा फोनवर आमच्या केसेस ऐकायला हव्यात, हे मी तेव्हाही लेखी दिलं होतं.

तुम्ही पहिल्याच दिवशी सिव्हिल सर्जनना भेटा. ओपीडी, वॉर्ड, कॅज्युअल्टी, नाइट ड्युटी हे सगळं नियमात आहे, ते मागून घ्या. थिसिससाठी जायच्या आधी ज्युनिअरला पेशंटची कन्सेंट (संमती) घेणं आणि माहितीचा प्रोफॉर्मा भरणं शिकवा, गाईडच्या परवानगीने. रोज ये-जा करू नका, आठवड्याच्या सुटीला जा.

जेआर२_मेडिसिन: ज्युनिअरशी आजच बोलते. सर, एएसव्हीची रिॲक्शन आली तर त्यावरचं ॲड्रेनलिन इंजेक्शन तिथे हाताशी असायचं का?

भातखाचर: असायचं, पण कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे असते ते पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.