ड्युअल बूट नको म्हणे! मग दोन-दोन लॅपटॉप कोण घेऊन देणार?

रामबागकर:
परवा आपल्या इंदूरच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "ड्युअल बूट, म्हणजे एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स या दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणं, हा शुद्ध मूर्खपणा. हौस असेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर, वापरा आणि गप्प बसा." दोन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

माझ्या लॅपटॉपला रॅम ४ जीबी. त्यात विंडोज, त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, त्याच्या पोटात लिनक्स. गाभण म्हशीला टांग्याला जुंपा म्हणण्यासारखं आहे हे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ११ ला माझा प्रोसेसर चालत नाही, आणि मंडळाच्या स्मरणिकेपायी विंडोज सोडता येत नाही. इंटरनेटचं सगळं लिनक्सवर, स्मरणिका विंडोजवर. सांगा, यात मूर्खपणा कुठला?

आणि फार काही अवघड नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच सी ड्राइव्ह श्रिंक, म्हणजे आखूड, करायला घेतला. जागा १९० जीबी रिकामी, पण तो म्हणतो २२ च देईन! हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोर पॉइंट, या विंडोजच्या स्वतःच्या फायली, मधोमध ठाण मांडून बसलेल्या असतात, त्या जागच्या हलत नाहीत. तिन्ही बंद केले, रीस्टार्ट मारला, ९० जीबी मिळाले. ती जागा तशीच कोरी सोडली, पुढचं लिनक्सच्या इन्स्टॉलरने केलं. फास्ट स्टार्टअपही बंद केलं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपतं आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. एका दुपारचं काम. मधे जेवून वामकुक्षीही झाली.

जिरावण_ज्यादा:
काका, तो सद्गृहस्थ मीच. सरळ नाव घ्यायचं होतं.

तुमची वामकुक्षी झाली, माझ्या भाच्याची झोप उडाली. सबमिशनच्या आदल्या रात्री पठ्ठ्या लिनक्स टाकून राहिला होता. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारं कुलूप, बंद केलं आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की द्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. ती रिकव्हरी की ज्या अकाउंटमध्ये होती, ते दुकानदाराने लॅपटॉप देताना स्वतःच्याच ईमेलवरून उघडलेलं. त्याला विचारलं तर, "भिया, वो आयडी तो कब की बंद हो गई." गेला प्रोजेक्ट! पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

आणि ऑगस्ट २०२४ चं विंडोज अपडेट विसरलात? कित्येकांचं लिनक्स सुरूच होईना, 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून मशीन बंद. तेही भाच्यानेच केलं का?

लॅबवाली_ताई:
प्रोजेक्ट पार्टिशनमुळे, म्हणजे डिस्कचे भाग पाडल्यामुळे, गेला नाही, बॅकअप नव्हता म्हणून गेला. लॅपटॉप राजवाड्यावर रिक्षात राहिला असता तरी गेलाच असता.

आमच्या लॅबमध्ये ३० मशीन ड्युअल बूट आहेत. आधी बिटलॉकर सस्पेंड, रिकव्हरी की कागदावर, मग बाकीचं. ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करायचं नाही, त्यातच दोघांची बूटची सोय असते. माझं डोकं फिरतं ते एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीने भाग पाडलेल्या, डिस्कवर. प्रायमरी पार्टिशन चारच होतात आणि कंपनीने चारही आधीच वापरलेली असतात. पाचवं करायला गेलं की विंडोज विचारतं, डिस्क डायनॅमिक करू का? पोरं खुशाल 'यस' दाबतात. मग लिनक्सच्या इन्स्टॉलरला धड काही दिसत नाही, आणि रविवार माझा जातो. काका, तुमची डिस्क जीपीटी, म्हणजे नव्या पद्धतीची, होती म्हणून निभावलं.

माळव्यातून_पुण्यात:
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. आजच्या काळात स्मरणिकेसाठी विंडोज कशाला लागतं? युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, टाइप करा, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे आहे. आणि "टाकून राहिला होता" हे कुठलं मराठी?

रामबागकर:
आले शहाणे. अहो, तुम्ही इथे होतात तेव्हा स्मरणिकेचं एक पान तरी लावलंत का? वीसेक वर्षांचे अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कृतिदेव फॉन्टमध्ये. कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की 'क'च्या जागी डी दिसतो. फॉन्ट लिनक्सवर नेता येतो, पेजमेकर कुठून आणू?

माळव्यातून_पुण्यात:
कृतिदेवचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर नावाची गोष्ट असते.

रामबागकर:
वापरला. सगळे 'ऱ्या' मोडले. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', 'येणाऱ्या'चं 'येणार्या'. १४० पानं मी आणि सौ.ने डोळ्यांत तेल घालून तपासली, तरी छापून आल्यावर श्रद्धांजलीच्या पानावरच दोन सापडले. वर्गणीदारांचे फोन तुम्ही घेणार होतात?

जिरावण_ज्यादा:
ओ पुणेकर, काकांशी माझं भांडण आहे ते मी बघून घेईन. पण "टाकून राहिला"ला नावं ठेवायची नाहीत. आमच्या चार पिढ्या इथेच आहेत, आम्ही असंच बोलतो. तुम्ही पण बोलत होता, छप्पन दुकानवर उभं राहून. एक्सप्रेसवे लागला की जीभ बदलते का?

माळव्यातून_पुण्यात:
ठीक आहे, भाषेचं मागे घेतो. युनिकोडचं नाही.

लॅबवाली_ताई:
'ऱ्या' मोडतात हे खरं. आमच्या कॉलेजच्या मासिकाचं तेच झालं. पण मग नवा अंक तरी युनिकोडमध्ये सुरू करा ना काका. जुने राहू देत विंडोजमध्ये.

रामबागकर:
आमचे टाइपिस्ट ७१ वर्षांचे आहेत. तुम्ही या समजवायला.

जिरावण_ज्यादा:
तर मुद्द्यावर. ताईंचं बॅकअपचं कबूल. भाच्याचं चुकलं, दुकानदाराचं त्याहून चुकलं. पण बिनबोभाट होतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. काका, खरं सांगा, दुपारनंतर काहीच बिघडलं नाही?

रामबागकर:
नाही.

लॅबवाली_ताई:
काका, तुम्ही गेल्या आठवड्यात स्मरणिकेची फाइल पाठवलीत ना, तिच्यावर पहाटे ४ ची वेळ आहे. तेव्हाच विचारणार होते, एवढ्या पहाटे का उठलात. विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे जातंय का? मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच इथली समजतं. लिनक्सला इथली वेळ ठेवायला सांगा, एका कमांडचं काम आहे.

रामबागकर:
जातं मागे. मी हाताने लावून घेतो.

जिरावण_ज्यादा:
दर वेळी?

रामबागकर:
विंडोज रोज कुठे उघडतो मी.

जिरावण_ज्यादा:
🙏