समेट, सलोखा की दिलजमाई?

माहुलीकर (सातारा):
एका अंकासाठी श्रीलंकेवरच्या लेखाचा अनुवाद करते आहे. २००९ मध्ये सरकार आणि तमिळ बंडखोर यांचं युद्ध संपलं, त्यानंतर सिंहली, तमिळ आणि मुस्लिम माणसांनी एकत्र राहायचं कसं, हा विषय. 'रिकन्सिलिएशन' पानोपानी येतं. मी 'सलोखा' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'समेट' केलं. मला ते पटत नाही. समेट दोन भांडणाऱ्यांचा होतो. उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीत बेपत्ता मुलांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या, त्यांचं कुणाशी भांडण होतं? दुसरं असं, की 'ट्रान्झिशनल जस्टिस'ला, म्हणजे युद्ध किंवा जुलमी राजवट संपल्यावर मागच्या अत्याचारांचा हिशेब करणाऱ्या न्यायाला, 'संक्रमणकालीन न्याय' म्हणतात, पण करोनानंतर 'संक्रमण' वाचलं की लागण आठवते. काय वापराल?

माणदेशी (आटपाडी):
आमच्याकडं दिलजमाई म्हणत्यात. बांधावरनं भावाभावांची बोलाचाली तुटली, की चार जाणती माणसं दोघांना समोरासमोर बसवत्यात. माझ्या चुलत्यांची अशीच झाली. तुमच्या लेखाला हाच शब्द घ्या ताई, लोकांच्या तोंडचा आहे.

वाईवासी:
अर्धा फारसी, अर्धा अरबी शब्द कशाला? 'मनोमिलन' आहे की आपला. सोपा, शुद्ध, अर्थ उघड.

माहुलीकर:
काका, साताऱ्यात मनोमिलन म्हटलं की नगरपालिकेच्या निवडणुकीत हातमिळवणी करणाऱ्या दोन आघाड्या डोळ्यासमोर येतात. हा शब्द त्या आयांच्या शेजारी ठेवायला माझा हात धजत नाही.

हळदपेठ (सांगली):
वाईवासी, शुद्धतेच्या चाळणीत सलोखाही टिकणार नाही. तो 'सुलूक' म्हणजे वागणूक यावरून आला असं मला वाटतं, माझे सासरे 'सुलह' म्हणजे तह यावरून म्हणायचे; दोन्ही अरबीच. दिलजमाईचं मूळ मात्र बघण्यासारखं आहे. फारसीत 'दिलजमा' म्हणजे मन गोळा झालेला, निर्धास्त माणूस. हिंदी-उर्दूत 'दिलजमई' म्हणजे खातरजमा. आपली 'खातरजमा'ही त्याच घरातली. म्हणजे आधी मनाची खात्री पटायची, मिठी मारणं नंतरचं. श्रीलंकेच्या संदर्भात मला हे मोलाचं वाटतं. ज्या बाईला आपलं पोर कुठे नेलं हे माहीत नाही, तिचं मन गोळा होईल कसं?

जतकर:
आमच्या बाजूला कन्नडमध्ये 'राजी' चालतं, तडजोड या अर्थाने. तमिळमध्ये 'नल्लिणक्कम' आहे, 'नल्' म्हणजे चांगलं आणि 'इणक्कम' म्हणजे जुळणं. श्रीलंका सरकारने २०१० साली नेमलेल्या 'धडे आणि सलोखा' आयोगाच्या तमिळ नावात हाच शब्द होता. तमिळ माणसाला तो सरकारी वाटतो की आपला, हेही लेखात तपासा.

कोर्टरोड (सांगली):
वकिली करतो म्हणून सांगतो, सलोखा आता महसूल खात्याचा शब्द झाला आहे. २०२३ ची सलोखा योजना बघा. माझी जमीन तुमच्या ताब्यात, तुमची माझ्या, असं १२ वर्षं चाललेलं असेल तर १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि तेवढ्याच नोंदणी फीमध्ये अदलाबदल होते. त्याआधी २००७ मध्ये आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम आणली. तिच्यातही गंभीर गुन्हा समितीपुढे मिटवता येत नव्हता, फौजदारीतलं फक्त 'तडजोडपात्र' असेल तेवढंच. खून आणि माणूस गायब करणं तडजोडपात्र नाही. म्हणून समेट, तडजोड, राजी हे सगळे शब्द युद्धगुन्ह्यांना लावणं मला धोक्याचं वाटतं.

वाईवासी:
मग वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत काय केलं? गुन्हेगारांना माफीच दिली ना?

कोर्टरोड:
सरसकट नाही. राजकीय हेतूने केलेला गुन्हा पूर्ण उघड करणाऱ्यालाच मिळाली. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. कायद्याने पश्चात्तापाची अट नव्हती, कबुलीची होती. तिथल्या 'ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन' आयोगाच्या नावातही 'सत्य' आधी आहे.

माणदेशी:
रवांडात गवतावर बसून न्याय करायचे म्हणं, गचाचा. त्याला आपण 'पारावरचा न्याय' म्हणू.

कोर्टरोड:
मुळात तसाच होता. पण १९९४ च्या वंशसंहारानंतर २००२ ते २०१२ जी गचाचा न्यायालयं चालली, त्यांना तुरुंगाची शिक्षा देण्याचा अधिकार होता. पार म्हटलं की वाचक चहापाण्याने मिटलेलं भांडण समजेल.

हळदपेठ:
पारावरून आठवलं. आमच्या घरात 'जळीत' हा शब्द होता. गांधीहत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, या भागात ब्राह्मणांची घरं जाळली, त्यात आजोबांचंही गेलं. ते सांगलीत आले. पुढे गावच्या जत्रेचं आमंत्रण यायचं, आम्ही जेवून यायचो, प्रेमाने वाढायचे. पण त्या दिवसाबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. याला सलोखा म्हणायचं का? माझी आई म्हणायची, 'येणं-जाणं आहे.' तेवढंच.

माणदेशी:
जाळणाऱ्यांच्या घरातली पोरं तरी काय बोलणार ताई? त्यांना कुणी सांगितलंच नाही. आणि त्याच गावात त्याआधी कितीक पिढ्या कुणाला पाणवठ्यावर येऊ देत नव्हते, त्याचीबी कबुली कुणी दिली न्हाई.

हळदपेठ:
खरं आहे. दोन्ही बोललं गेलं पाहिजे. एकाने दुसरं झाकू नये.

वाईवासी:
विषय शब्दाचा आहे, जुनी मढी उकरायची कशाला?

हळदपेठ:
उकरायची म्हणूनच तर आयोग नेमतात. बोस्नियाच्या युद्धात, स्रेब्रेनिका गावात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले. सामूहिक कबरींतून हाडं काढून, डीएनए जुळवून, दरवर्षी ११ जुलैला ओळख पटलेल्यांना जवळच्या पोतोचारीतल्या स्मारकाच्या दफनभूमीत पुरतात. त्या घरांना 'उकरू नका' म्हणता येईल?

माहुलीकर:
मी आता आयोगाच्या नावात 'सलोखा' ठेवते आहे, लोकांच्या बोलण्यात 'दिलजमाई'. 'संक्रमणकालीन न्याय'ऐवजी 'युद्धोत्तर न्याय' करावं का, यावर कुणीच बोललं नाही. पण त्याहून मोठी अडचण पुढे आली. श्रीलंकेने २०१६ मध्ये कायदा बदलून बेपत्ता माणसाच्या घरच्यांना मृत्यूच्या दाखल्याऐवजी वेगळा दाखला घेण्याची सोय केली. शब्दशः 'अनुपस्थितीचा दाखला', पण ते शाळेच्या हजेरीपटासारखं वाटतं.

कोर्टरोड:
'ठावठिकाणा नसल्याचा दाखला'. आपल्याकडे सात वर्षं माणसाची खबर नसली तर कोर्ट तो मयत असल्याचं गृहीत धरतं, तिथेही प्रश्न ठावठिकाण्याचाच असतो. त्यांच्या दाखल्याचा उपयोग असा, की माणूस मेला असं न म्हणता घरच्यांना मालमत्तेची, बँकेची कामं करता येतात.

जतकर:
चांगला आहे, पण 'बेपत्ता'सारखाच तोही मोघम. माणूस आपोआप हरवला असं वाटतं. ज्याला उचलून नेलं त्याला लेखात 'गायब केलेला' म्हणा.

कोर्टरोड:
लेखात म्हणा, दाखल्यात म्हणता येणार नाही. तिथे अजून कुणावर काही शाबीत झालेलं नाही.

जतकर:
शाबीत व्हायची वाट बघायची, तर त्या आया रस्त्यावर बसल्यात त्या कशासाठी?